मंत्रालयाच्या शिक्क्यापासून शेवटच्या नाक्यापर्यंत: संघर्षग्रस्त भागात मदतीला वाट मिळवून देण्याचं काम

राजधानीतून आलेलं पत्र हातात आहे, ट्रक भरलेले आहेत, चालक तयार आहेत, आणि तरीही ताफा शेवटच्या नाक्यावर अडकून पडतो. नाक्यावरच्या बंदूकधाऱ्याला त्या मंत्रालयाशी काही देणंघेणं नसतं. तो आपल्या कमांडरला ओळखतो, आणि त्या कमांडरला या ताफ्याबद्दल कोणी काही सांगितलेलंच नसतं. मदतीचं घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथे.

ही वाट मोकळी करून घेण्याच्या आणि मोकळी ठेवण्याच्या कामाला या क्षेत्रात ‘ॲक्सेस’, म्हणजे प्रवेश, म्हणतात. मोठ्या मोहिमांमध्ये त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असतो. छोट्या संस्थेत ते काम कोणातरी एकाच्या गळ्यात येऊन पडतं. हा लेख अशा दोघांसाठीही आहे.

पुढे जे लिहिलंय त्यामागे माझं एक ठाम मत आहे. प्रवेश ही कोणा एका संस्थेची मिळकत नसते. त्या भागात काम करणाऱ्या सगळ्यांची ती सामाईक विहीर असते, आणि एकाने पाणी गढूळ केलं की सगळ्यांनाच ते प्यावं लागतं. एका संस्थेने नाक्यावर पैसे दिले की दुसऱ्या दिवशी तो दर सगळ्यांना लागू होतो. एकीने लाभार्थ्यांची यादी लष्कराच्या हाती दिली की बाकीच्यांवरचा लोकांचा विश्वासही उडतो.

आधी गरज, मग वाट

नकाशा समोर घेतल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा बघतात की कुठे जाता येईल. क्रम उलटा हवा. सगळ्यात जास्त हाल कुठे आहेत ते आधी ठरवायचं आणि मग तिथे पोहोचायची वाट शोधायची. हा क्रम चुकला की सगळ्या संस्था रस्ता चांगला असलेल्या दोन-तीन शहरांत गर्दी करतात आणि पलीकडच्या वेढलेल्या गावात कोणीच जात नाही. शिवाय ज्या बाजूच्या ताब्यात ती शहरं असतात, त्या बाजूची माणसं म्हणून संस्थांवर शिक्का बसतो तो वेगळाच.

प्रवेशाला दोन अंगं असतात हेही इथेच लक्षात घ्यायचं. संस्थेला लोकांपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि लोकांनाही मदतीपर्यंत येता आलं पाहिजे. दवाखाना सुरू आहे, औषधं आहेत, पण वाटेतल्या नाक्यावर तरुणांना पकडून नेतात म्हणून कोणी येत नाही, अशा ठिकाणी प्रवेश आहे असं म्हणता येत नाही. बायका, म्हातारी माणसं, अपंग, ओळखपत्र नसलेले विस्थापित यांची वाट कुठे बंद होते, हे त्यांनाच विचारून टिपून ठेवा.

कायदा काय देतो

बोलणी करायला जाणाऱ्याला कायदा नेमका ठाऊक हवा, कारण समोरचा बऱ्याचदा त्याचा चुकीचा अर्थ लावून बसलेला असतो. १९४९ चे चार जिनिव्हा करार आणि १९७७ चे अतिरिक्त प्रोटोकॉल हा त्याचा पाया. सशस्त्र संघर्षातल्या पक्षांनी निःपक्षपाती मदतीला लवकर आणि विनाअडथळा वाट द्यावी, हा नियम आता रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग मानला जातो, त्यामुळे प्रोटोकॉल न स्वीकारलेल्यांनाही तो लागू होतो.

पण कायदा म्हणजे सरसकट परवाना नाही. संबंधित पक्षाची संमती लागते. मात्र ती मनमानीपणे नाकारता येत नाही. मालाची तपासणी करण्याचा, मार्ग आणि वेळ ठरवून देण्याचा अधिकार त्या पक्षाला आहे. म्हणून ‘आमचा माल तपासूच नका’ असा पवित्रा घेणारी संस्था स्वतःच कायद्याच्या बाहेर जाते. भांडायचं ते तपासणीच्या नावाखाली आठवडेच्या आठवडे चालढकल होते त्यावर. एखादा प्रदेश परकीय सैन्याच्या ताब्यात असेल तर स्थिती आणखी स्पष्ट आहे: चौथ्या कराराच्या ५९ व्या कलमानुसार, तिथल्या लोकांना पुरेसा पुरवठा होत नसेल तर ताबा असलेल्या सत्तेने मदत योजनांना संमती दिलीच पाहिजे.

देशांतर्गत युद्धात चारही करारांतलं सामाईक तिसरं कलम फार कामाचं आहे. निःपक्षपाती मानवतावादी संस्था दोन्ही बाजूंना आपली सेवा देऊ करू शकते असं ते सांगते. पक्षांच्या कायदेशीर दर्जावर त्याने परिणाम होत नाही, असंही त्यातच लिहिलेलं आहे. ‘बंडखोरांशी बोललात म्हणजे त्यांना मान्यता दिलीत’ असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्यापुढे शेवटचं वाक्य शांतपणे ठेवायचं. ते छापून फाइलमध्ये ठेवा, स्थानिक भाषेत.

कायद्याच्या जोडीला तत्त्वं येतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ साली ४६/१८२ या ठरावात माणुसकी, तटस्थता आणि निःपक्षपातीपणा ही तत्त्वं नोंदवली. स्वातंत्र्य हे चौथं तत्त्व नंतर जोडलं गेलं. भाषणात ती सोपी वाटतात. नाक्यावर त्यांचा अर्थ असा होतो की याच गाडीने काल पलीकडच्या बाजूच्या जखमींना नेलं होतं, आज तुमच्या बाजूच्यांना नेऊ, आणि दोन्हीकडे हे उघडपणे सांगू.

‘हो’ म्हणणारा कोण, ‘नाही’ म्हणू शकणारा कोण

एक मोठा कागद घ्या. मधोमध जायचं ठिकाण लिहा. तिथपर्यंतच्या रस्त्यावर कोणाकोणाचा शब्द चालतो ते आतून बाहेर लिहीत जा: गावातले वडीलधारे, धर्मगुरू, स्थानिक प्रशासन, त्या पट्ट्याचा कमांडर, त्याच्या वरचा, गुप्तचर यंत्रणा, सीमाशुल्क खातं, मंत्रालय, आणि या पक्षाला शस्त्रं किंवा पैसा पुरवणारी बाहेरची सरकारं. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा: याला काय हवं आहे, हा कशाला घाबरतो, आणि हा कोणाचं ऐकतो.

हा तक्ता करताना लक्षात येतं की परवानगी देणारे थोडे असतात आणि अडवू शकणारे पुष्कळ. सुदानमध्ये सरकारी बाजूचं मानवतावादी मदत आयोग हे एक दार आहे, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये युद्ध भडकल्यानंतर लष्कराविरुद्ध लढणाऱ्या ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ या निमलष्करी दलानेही आपल्या ताब्यातल्या भागासाठी वेगळी यंत्रणा उभी केली. एकाच ताफ्याला दोन वेगवेगळ्या कार्यालयांचे कागद लागतात, आणि एकाचा कागद दुसऱ्याच्या नाक्यावर दाखवणं धोक्याचं ठरू शकतं.

तिसरा रकाना, म्हणजे ‘हा कोणाचं ऐकतो’, सगळ्यात मोलाचा. कमांडर परक्या संस्थेचं ऐकणार नाही, पण गावातल्या म्हाताऱ्या शिक्षकाचं किंवा जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या डॉक्टरचं ऐकेल. तक्ता कुलपात ठेवा, नावांऐवजी खुणा वापरा. हाच कागद लढणाऱ्या एखाद्या पक्षाच्या हाती लागला तर तुम्ही हेर ठरता.

बाहेर बोलण्याआधी घरात ठरवून घ्या

नाक्यावर उभं राहून तत्त्वांचा विचार होत नाही. काय मान्य करायचं, काय नाही, आणि मधल्या गोष्टींचा निर्णय कोणी घ्यायचा, हे आधी लिहून काढा. निदान एवढ्या प्रश्नांना तरी उत्तर हवं: पैसे किंवा ‘कर’ मागितला तर? मालाचा वाटा मागितला तर? लाभार्थ्यांची नावानिशी यादी मागितली तर? आमचाच माणूस नोकरीला घ्या म्हटलं तर? सशस्त्र संरक्षण घ्यावंच लागेल म्हटलं तर? महिला कर्मचारी नकोत म्हटलं तर?

शेवटचा प्रश्न काल्पनिक नाही. २४ डिसेंबर २०२२ रोजी अफगाणिस्तानात तालिबानने स्वयंसेवी संस्थांमध्ये काम करायला महिलांना बंदी घातली, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या अफगाण महिला कर्मचाऱ्यांनाही लागू केली. तिथल्या समाजात बायकांपर्यंत बायकाच पोहोचू शकतात, त्यामुळे हा मुद्दा नोकरभरतीचा राहत नाही, निम्म्या लोकसंख्येला मदत मिळणार की नाही याचा होतो. काही संस्थांनी काम थांबवलं. काहींनी आरोग्य आणि शिक्षण क्षेत्रांत, जिल्ह्याजिल्ह्यात बोलून सवलती मिळवल्या. दोन्हींमागे विचार होता. ज्यांनी आधी ठरवलं नव्हतं त्यांची मात्र ओढाताण झाली.

सशस्त्र संरक्षणाबाबत माझं मत स्पष्ट आहे: बाकी सगळे उपाय संपल्याशिवाय घेऊ नका. बंदुकीच्या पहाऱ्यात एकदा गेलेल्या संस्थेला पुन्हा पहाऱ्याविना जाता येत नाही, आणि पहारेकऱ्यांचे शत्रू ते आपोआप तिचे शत्रू होतात. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्येही तो शेवटचाच पर्याय मानला आहे.

एक आवाज

ज्या भागात तीन-चारपेक्षा जास्त संस्था आहेत तिथे प्रवेशाचा गट हवा. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी समन्वय कार्यालय, म्हणजे ‘ओचा’, बहुतेक ठिकाणी असा गट चालवतं. त्यात स्वयंसेवी संस्थांनी हजेरीपुरतं न बसता काम करायला हवं. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती आपली स्वतंत्र भूमिका जपून बहुधा निरीक्षक म्हणून येते, आणि ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’सारख्या वैद्यकीय संस्था अनेकदा स्वतःच थेट बोलणी करतात. त्याचा राग धरू नये. माहितीची देवाणघेवाण तरीही होऊ शकते.

गटाने सगळ्यात आधी सामाईक नियमांचा एक छोटा कागद करावा: आम्ही नाक्यावर पैसे देत नाही, गाडीत शस्त्र घेत नाही, यादी देत नाही, गरज पाहूनच वाटप करतो. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात आणि तो दोन्ही बाजूंच्या कमांडरांना द्यावा. मग नाक्यावरचा कार्यकर्ता ‘मी देत नाही’ असं म्हणण्याऐवजी ‘आमच्यापैकी कोणीच देत नाही’ असं म्हणू शकतो. या एका वाक्याने त्याच्या अंगावरचं ओझं निम्मं होतं.

सुदानच्या दक्षिण भागासाठी १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’कडून इथे शिकण्यासारखं आहे. सरकार, बंडखोर आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यातल्या समझोत्यावर ती मोहीम उभी राहिली, आणि १९९५ मध्ये बंडखोर गटांशी लेखी मूलभूत नियम ठरले. त्या व्यवस्थेने असंख्य जीव वाचवले. तिची दुखरी बाजूही होती: विमान कुठे उतरेल याला सरकारची मंजुरी लागत असे, आणि १९९८ च्या सुरुवातीला बहर-अल-गझल भागात ऐन टंचाईत उड्डाणांवर बंदी आली. एकाच दारावर सगळी मदार ठेवली की ते दार बंद करणाऱ्याच्या हाती सगळं जातं. म्हणून पर्यायी रस्ता, पर्यायी सीमा आणि पर्यायी स्थानिक गोदाम यांवर पहिल्या दिवसापासून काम सुरू ठेवा.

बोलणी

कमांडरला भेटायला जाताना मागण्यांची यादी घेऊन जाऊ नका, आधी ऐकायला जा. पहिल्या भेटीत काहीच मागितलं नाही तरी चालतं. आपण कोण, पैसा कुठून येतो, काय करतो, काय करत नाही, एवढं साध्या शब्दांत सांगायचं. पैशाबद्दलचा प्रश्न येणारच. उत्तर गुळमुळीत दिलं की संशय पक्का होतो.

मतभेद दोन प्रकारचे असतात आणि त्यांवरचे उपाय वेगळे. पहिला प्रकार वस्तुस्थितीचा: ‘त्या गावात आता कोणी राहत नाही’, ‘तिथे टंचाई नाही’. यावर पुरावा चालतो. लसीकरणाची नोंद, पाण्याच्या टँकरच्या फेऱ्या, किंवा दोन्ही बाजूंना मान्य अशा माणसाने केलेली पाहणी. दुसरा प्रकार मूल्यांचा: ‘ती शत्रूची माणसं आहेत, त्यांना कशाला खाऊ घालायचं?’ इथे आकडे फेकून उपयोग नाही, उलट समोरचा चिडतो. त्याच्या स्वतःच्या परंपरेत, धर्मात, लष्करी शिस्तीत नि:शस्त्रांना अभय देण्याबद्दल काय म्हटलंय, ते त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून त्याच्यासमोर यायला हवं. वस्तुस्थितीचा वाद मूल्यांचा समजून भावनिक आवाहन करणं आणि मूल्यांचा वाद तक्ते दाखवून सोडवायला जाणं, या दोन गोष्टींत कित्येक बैठका वाया जातात.

ज्यावर आधीच एकमत आहे असा छोटा तुकडा शोधा. लहान मुलांची लस हा असा तुकडा अनेकदा ठरला आहे. एल साल्वाडोरमध्ये १९८५ साली ऐन यादवीत सरकार आणि गनिमी गटांनी ठरावीक दिवशी लढाई थांबवली आणि मुलांना लस टोचली गेली. ‘शांततेचे दिवस’ म्हणून ही पद्धत पुढे इतरत्रही वापरली गेली. गाझामध्ये २०२४ च्या ऑगस्टमध्ये पोलिओचा रुग्ण सापडला आणि सप्टेंबरमध्ये मध्य, दक्षिण आणि उत्तर अशा तीन टप्प्यांत, लढाईला तात्पुरते विराम मिळवून, दहा वर्षांखालच्या सुमारे ५,६०,००० मुलांना डोस दिला गेला. त्याच काळात इतर मदतीवर कडक निर्बंध होते. म्हणून एका लसीकरणावरून सगळी वाट मोकळी झाली असं समजू नये. पण त्या निमित्ताने जुळलेले संपर्क पुढच्या मागणीसाठी जपून ठेवावेत.

दुभाष्याची निवड घाईत करू नका. तो कोणत्या जमातीचा, कोणत्या गावचा, त्याचा भाऊ कुठल्या बाजूने लढतो, हे सगळं समोरच्याला आवाजावरून कळतं. तुम्ही बोलणी संपवून परत जाता, तो तिथेच राहतो.

बैठक संपल्यावर त्याच दिवशी एक पानाची टिपणी करा आणि शक्य असेल तर समोरच्यालाही पाठवा: ‘आमच्या समजुतीप्रमाणे आज असं ठरलं.’ तोंडी शब्द कमांडर बदलला की संपतो.

ठिकाणं आणि हालचाली कळवणं

लढणाऱ्या पक्षांना दवाखाने, गोदामं, निवारे आणि ताफ्यांचे मार्ग आधी कळवून ठेवायचे, म्हणजे त्यांवर हल्ला होणार नाही, ही पद्धत आता जवळपास सगळीकडे आहे. अनेक ठिकाणी ‘ओचा’ मार्फत ही माहिती जाते.

इथे बारीकसारीक गोष्टींवर जीव अवलंबून असतात, म्हणून एक उदाहरण सविस्तर सांगतो. समजा दवाखाना १२ अंश ३० मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. दशांशात लिहायचं तर ते १२.५० होतं. घाईत कोणी ते १२.३० असं भरलं, तर कागदावरचा दवाखाना खऱ्या दवाखान्यापासून सुमारे २२ किलोमीटर दूर जातो. अर्जात कुठेही चूक दिसत नाही, पोच मिळते, सगळे निश्चिंत होतात. म्हणून एकच पद्धत ठरवा: दशांश अंश, निदान पाच दशांश स्थळांपर्यंत, म्हणजे साधारण मीटरभर अचूकता, आणि नकाशाचा संदर्भ डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं ती पद्धत. भरलेले आकडे दुसऱ्या माणसाने उपग्रह नकाशावर टाकून छप्पर ओळखायचं, मगच पाठवायचं. इमारतीचे चारही कोपरे द्या, एकच बिंदू देऊ नका. वेळ लिहिताना स्थानिक की जागतिक प्रमाणवेळ, तेही लिहा.

ताफ्याच्या सूचनेत गाड्यांची संख्या, प्रकार, रंग, क्रमांक, छतावरची खूण, माणसांची संख्या, माल, निघण्याची व पोहोचण्याची वेळ, थांबे, पर्यायी मार्ग आणि ताफ्याबरोबरच्या प्रमुखाचा उपग्रह फोन एवढं यावं. माणसांची नावं द्यायची की नाही हा वेगळा विचार करून ठरवायचा विषय आहे. एखादी गाडी आयत्या वेळी बदलली तर सूचना पुन्हा पाठवायची आणि पोच येईपर्यंत निघायचं नाही.

आणि सूचना म्हणजे कवच नव्हे, हे सगळ्या कर्मचाऱ्यांना स्पष्ट सांगा. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानातल्या कुंदुझ इथे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने हल्ला केला, रुग्णालयाचं स्थान आधी कळवलेलं होतं, तरी ४२ जण मारले गेले. १ एप्रिल २०२४ रोजी गाझात देर अल-बलाहजवळ अन्न पुरवणाऱ्या ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या संस्थेच्या गाड्यांवर इस्रायली हल्ला झाला आणि ७ जण गेले, त्यांचीही हालचाल लष्कराला कळवून ठरवलेली होती. सीरियात तर कळवलेल्या ठिकाणांवर इतके हल्ले झाले की माहिती देणंच घातक आहे असा संशय आरोग्य कर्मचाऱ्यांत पसरला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना चौकशी मंडळ नेमावं लागलं. म्हणून ठिकाण कळवायचं की नाही याचा निर्णय तिथे काम करणाऱ्यांना विचारून घ्या. पोच देणारा माणूस आणि प्रत्यक्ष मारा करणारी तुकडी यांच्यात माहिती कशी जाते, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत विचारत राहा, लेखी उत्तर मागा. आणीबाणीच्या फोनवर रात्री अडीच वाजता कोण उचलतं, ते करून बघा.

पैसा आणि माल

आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंध लागू असलेल्या भागात बँक व्यवहार अडवते, कारण तिला दंडाची भीती असते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०२२ च्या डिसेंबरमध्ये संमत केलेल्या २६६४ क्रमांकाच्या ठरावाने मालमत्ता गोठवण्याच्या निर्बंधांतून मानवतावादी कामाला सवलत दिली आहे. बँकेच्या अनुपालन विभागाला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या) हा ठराव माहीत नसतो असं गृहीत धरून प्रत पाठवा, आणि वेगवेगळ्या देशांचे स्वतःचे निर्बंध वेगळे तपासा.

मालात पाइप, जनरेटर, क्लोरीन, सौर पॅनेल अशा वस्तू ‘लष्करी वापर होऊ शकतो’ म्हणून अडतात. त्यांची परवानगी धान्याबरोबर मागू नका. एका जनरेटरपायी सगळा ताफा थांबतो. बहुतेक लशी दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात, त्यामुळे नाक्यावर पेट्या उघडून उन्हात ठेवल्या जाणार नाहीत हे आधी बोलून ठेवा.

ताफ्याचा दिवस

आदल्या संध्याकाळी सगळ्या चालकांना एकत्र बसवून मार्ग तोंडपाठ करून घ्या. रस्त्याबद्दल त्यांना जे ठाऊक असतं ते कोणत्याही अहवालात नसतं: कुठल्या पुलापाशी कालपासून माणसं दिसत नाहीत, कुठे ताजी माती उकरलेली आहे. चालक म्हणाला की आज नको, तर त्या दिवशी जायचं नाही. त्याबद्दल त्याची मजुरीही कापायची नाही.

नाका दुरून दिसला की वेग कमी. काचा खाली, गॉगल काढलेला, फोन खिशात, कॅमेरा बंद, दोन्ही हात दिसतील असे. तिन्हीसांजेला किंवा अंधारात हेडलाइट मंद आणि आतला दिवा लावलेला. बोलायचं एकानेच, पहिल्या गाडीतल्या प्रमुखाने. मागच्या गाड्यांनी अंतर ठेवून थांबायचं, कोणी विनाकारण उतरायचं नाही. पत्राची प्रत द्यायची, मूळ कधीच नाही. प्रत्येक ट्रकच्या सीलचा क्रमांक मालाच्या यादीवर असावा, म्हणजे सील तोडलं तर त्याच जागी नोंद करून नाक्यावरच्या माणसाची सही मागता येते. तो सही देईलच असं नाही, पण मागितल्याने मोजणी होते.

‘दोन पोती उतरवून ठेवा’ ही मागणी हमखास येते. आवाज न चढवता सांगायचं: ‘पोती मोजून दिलेली आहेत, तिकडे मोजून घेणार आहेत, माझ्या हातात काही नाही. तुमच्या साहेबांशी बोलणं झालंय, हवं तर फोन लावा.’ मग थांबायचं. घाई दिसली की किंमत वाढते, म्हणून वेळापत्रकातच प्रत्येक नाक्यासाठी मोकळा वेळ धरा. सैनिकाने पुढच्या गावापर्यंत सोडा म्हटलं तरी गाडीत घ्यायचं नाही. दारावरची ‘शस्त्र नाही’ ही खूण दाखवून नम्रपणे नाही म्हणायचं. बंदूक रोखून माल मागितला तर मात्र द्यायचा. पोत्यांसाठी कोणी जीव देऊ नये, हा आदेश लेखी असावा.

ठरलेल्या वेळी मुख्यालयाला रेडिओवर किंवा उपग्रह फोनवर खबर द्यायची. खबर आली नाही तर किती मिनिटांनी कोणी कोणाला फोन करायचा हेही लिहिलेलं हवं. परत आल्यावर त्याच रात्री चालकांशी पुन्हा बसा. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं.

अडथळ्यांची नोंद

‘आम्हाला जाऊ देत नाहीत’ या तक्रारीने कुठेच काही हलत नाही. तारीख, जागा, कोणी अडवलं, काय कारण सांगितलं, किती वेळ गेला, किती लोकांना मदत मिळाली नाही, एवढं नोंदवलेलं असेल तर राजदूतासमोर किंवा सुरक्षा परिषदेपर्यंत मुद्दा मांडता येतो. ‘ओचा’च्या पद्धतीत अडथळ्यांचे नऊ प्रकार केलेले आहेत, आणि स्वतःची वेगळी वर्गवारी काढण्यापेक्षा तेच वापरलेले बरे: गरजच नाकारणं, देशात येण्यावर बंधनं, देशांतर्गत फिरण्यावर बंधनं, कामात ढवळाढवळ, कर्मचारी व मालमत्तेवर हिंसा, लोकांना मदतीपर्यंत येऊ न देणं, प्रत्यक्ष लढाई, सुरुंग आणि न फुटलेला दारूगोळा, आणि निसर्ग-रस्ते यांचे अडथळे.

व्हिसा रेंगाळणं, नोंदणीचं नूतनीकरण न होणं, प्रत्येक प्रवासासाठी नवा अर्ज, हे अडथळे गोळीबारासारखे डोळ्यांत भरत नाहीत. माझ्या मते मदत सगळ्यात जास्त याच कागदी भिंतीपाशी अडते, म्हणून त्यांची नोंद अधिक काटेकोर हवी. कोणती गोष्ट जाहीर बोलायची आणि कोणती बंद खोलीत, हे गटाने मिळून ठरवावं. एकाने जाहीर केलं की सूड दुसऱ्यावर निघू शकतो.

स्थानिक सहकारी

२०२४ या एका वर्षात जगभरात ३८० हून अधिक मदतकर्मी मारले गेले. अशा मृतांत बहुसंख्य त्याच देशातली माणसं असतात. परदेशी कर्मचारी निघून गेल्यावरही काम तेच चालवतात. सुदानमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांनी उभ्या केलेल्या आपत्कालीन मदत गटांनी कित्येक महिने सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली, तीही आंतरराष्ट्रीय संस्थांचे ट्रक पोहोचत नसलेल्या वस्त्यांत.

तेव्हा स्थानिक संस्थेशी करार करताना धोका तिच्याकडे आणि उपकरणं आपल्याकडे अशी वाटणी करू नका. विमा, उपग्रह फोन, गाडीची दुरुस्ती, सुरक्षा प्रशिक्षण, काही दिवस घर सोडावं लागलं तर त्याचा खर्च हे सगळं अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीने यायला हवं. देणगीदार कापायला निघाला तर भांडा. आणि ‘तुम्ही स्थानिक आहात, तुम्हाला जाता येईल’ हे वाक्य त्यांना विचारल्याशिवाय उच्चारू नका; कधीकधी ते स्थानिक असल्यामुळेच जाऊ शकत नाहीत.

थांबायचं कधी, आणि काम पुढे कसं द्यायचं

काम थांबवण्याचे निकषही आधी ठरवा: वाटपावर आपलं नियंत्रण राहिलं नाही, मदतीचा वापर लोकांना एका जागेवरून हुसकावण्यासाठी होऊ लागला, कर्मचाऱ्यांना लक्ष्य केलं जातंय. थांबताना जीव वाचवणारी कामं शेवटी थांबवा, कारण दोन्ही बाजूंना कळवा, आणि पुन्हा सुरू होण्यासाठी काय बदलायला हवं ते नेमकं लिहून द्या. नुसतं ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ लिहिलं की परतीची वाट बंद होते.

प्रवेशाचं काम बघणाऱ्या समन्वयकाची बदली काही महिन्यांत होते, आणि त्याच्याबरोबर सगळे संबंध निघून जातात. नव्या माणसाला फाइल देऊन भागत नाही. जुन्याने त्याला बरोबर घेऊन प्रत्येक महत्त्वाच्या माणसाला भेटवायचं, शेवटच्या नाक्यावरच्या कमांडरपर्यंत. हस्तांतराच्या टिपणात सगळ्यात वर ती आश्वासनं लिहायची जी आपण दिली आणि अजून पाळलेली नाहीत: दवाखान्याला कबूल केलेली औषधं, गावाला सांगितलेली तारीख, कमांडरला दाखवतो म्हटलेली, लाभार्थ्यांची नावं नसलेली वाटपाची आकडेवारी. नव्या माणसाच्या पहिल्या भेटीत समोरचा त्याबद्दलच विचारणार आहे.